सोपे, सुगम, सुटसुटीत की सपक?

सहकारनगरातील एका वाचकांनी विचारले आहे : "माझा मुलगा आणि त्याचे मित्र व्हिडिओ गेमच्या ज्या मालिका शाळेपासून खेळत आले, त्यांचे नवे भाग कॅज्युअल प्लेअरसाठी, म्हणजे अधूनमधून सवडीने खेळणाऱ्यांसाठी, सोपे करून टाकले आहेत, अशी त्यांची कायमची तक्रार असते. या विषयावर मी एक लेख लिहितो आहे. 'कॅज्युअल प्लेअर'ला 'हौशी खेळाडू' आणि या साऱ्या बदलाला 'सुलभीकरण' म्हटले तर चालेल का? शिवाय 'गेम' हा शब्द मी पुल्लिंगी लिहितो आणि मुलगा स्त्रीलिंगी बोलतो, बरोबर कोण?"

आधी 'हौशी' पाहू. एखाद्या गोष्टीला माणूस किती वेळ देतो यावरून मराठीत कोणी हौशी ठरत नाही. तो ती गोष्ट पोटापाण्यासाठी करत नाही, एवढेच या शब्दात अभिप्रेत असते. राज्य नाट्यस्पर्धेत उतरणारे हौशी कलाकार नोकरीवरून सुटल्यावर रात्री उशिरापर्यंत तालमी करतात, पदरचे पैसे घालून नेपथ्य उभे करतात आणि त्यासाठी रजाही खर्ची टाकतात. या अर्थाने पाहिले तर खरा हौशी तुमचा मुलगाच आहे. जत्रेला येणाऱ्यांचे हौसे, नवसे आणि गवसे असे प्रकार आपण सांगतो, त्यांतही हौसे म्हणजे उत्साहाने ओढले गेलेले लोक. म्हणून 'कॅज्युअल' खेळाडूला हौशी म्हटले, तर तुमच्या लेखातील वाक्याचा अर्थ नेमका उलटा होईल.

'नवखा' हाही शब्द पुरेसा नाही. वीस वर्षे गेम खेळलेली, पण आता मुले झोपल्यावर जेमतेम अर्धा तास हाती लागणारी कितीतरी माणसे आहेत. त्यांना खेळ नवा नसतो, पण काल कुठे थांबलो होतो हे आठवायलाच त्यांची दहा मिनिटे जातात. अशा माणसाला मी 'फावल्या वेळचा खेळाडू' म्हणेन. शब्द थोडा लांब असला तरी ऐकताक्षणी कळतो आणि त्यात कोणाचा उणेपणा नाही. या शब्दाची गरज खुद्द गेम बनवणाऱ्यांनाही भासलेली आहे. 'फायर एम्ब्लेम' या जपानी मालिकेत १९९० च्या पहिल्या भागापासून असा नियम होता की लढाईत पडलेला सैनिक कायमचा गेला. २०१० च्या भागात पडलेले सैनिक पुढच्या लढाईला परत येतील अशी वेगळी पद्धत दिली गेली आणि तिचे नावच 'कॅज्युअल' ठेवले गेले. २०१२ च्या 'अवेकनिंग' या भागात 'क्लासिक' आणि 'कॅज्युअल' यांतून खेळणाऱ्याने निवड करायची होती. जुना नियम ज्यांना हवा होता त्यांच्यासाठी तो तसाच राहिला, हे तुमच्या मुलाच्या तक्रारीचा विचार करताना लक्षात ठेवण्यासारखे आहे.

आता 'सुलभीकरण'. हा शब्द सरकारी परिपत्रकांतून आपल्या अंगवळणी पडला आहे, आणि काहीही सोपे केले की त्याला सुलभीकरण म्हणण्याची सवय लागली आहे. पण शब्दाच्या पोटात 'लभ्' हा धातू आहे : सुलभ म्हणजे सहज मिळणारे, ज्याचा विरुद्धार्थी शब्द दुर्लभ. हप्ते सुलभ असतात, कारण त्यांमुळे वस्तू पदरात पडते. या शब्दाची तीन सख्खी भावंडे आपल्याकडे आहेत : सहज जाता येते ते सुगम, सहज समजते ते सुबोध आणि सहज करता येते ते सुकर; त्यांची उलट रूपे दुर्गम, दुर्बोध आणि दुष्कर. 'सोपे' या एका शब्दाखाली हे चारही अर्थ जातात, आणि गेमच्या मालिका सोप्या झाल्या की बिघडल्या हा वाद मिटत नाही याचे एक मोठे कारण मला यातच दिसते. एक जण सुगमतेविषयी बोलत असतो आणि दुसरा सुकरतेविषयी उत्तर देत असतो.

मागच्या दिवाळीत कोथरूडला बहिणीकडे गेलो असताना भाच्याने मला 'एल्डर स्क्रोल्स' या मालिकेचे दोन भाग एकापाठोपाठ एक दाखवले. पहिला २००२ चा 'मोरोविंड'. त्यात कोणी काम सांगितले की वाटही तोंडीच सांगतो : अमुक गावाबाहेर पडा, पूल ओलांडा, दगडांच्या खुणेपाशी वळा. ते सारे रोजनिशीत नोंदले जाते आणि पुढे तुम्ही आणि तुमचे डोळे. भाचा एका टेकडीला दोनदा वळसा घालून आला, पुन्हा रोजनिशी उघडली, 'उत्तरेला' हा शब्द त्याने बोट ठेवून वाचला आणि मग त्याला ते गुहेचे दार सापडले. त्या क्षणी तो खुर्चीत जवळजवळ उभाच राहिला. त्यानंतर २०११ चा 'स्कायरिम' सुरू केला, तेव्हा पडद्याच्या वरच्या कडेला होकायंत्राची पट्टी होती आणि तिच्यावर जायच्या ठिकाणाची खूण होती. खूण मधोमध ठेवायची आणि चालत राहायचे, गुहा आली. ही खूण या मालिकेत २००६ च्या 'ऑब्लिव्हियन'पासून आली, आणि पाहिलेल्या ठिकाणी नकाशावरून थेट जाण्याची सोयही त्याच भागात होती.

पुण्याच्या पेठांत वाढलेल्या माणसाला हा फरक वेगळा समजावून सांगावा लागत नाही. पत्र्या मारुती, जिलब्या मारुती, उपाशी विठोबा अशा खुणांवरून पत्ता सांगण्याची आणि शोधण्याची आमची रीत होती. आता फोनमधला बाण घराच्या दारापर्यंत आणून सोडतो. बाणाने पोहोचणे सोयीचे असते हे मी रोज अनुभवतो, पण त्या वाटेवरचे देऊळ मी पाहिलेले नसते हेही तितकेच खरे. तेव्हा या बदलाला नेमका शब्द 'सुगम' हाच आहे. 'गम्' या धातूत जाणे आणि उमगणे हे दोन्ही अर्थ आहेत, म्हणूनच जुन्या कवितेत 'मज गमे' असे येते. आकाशवाणीने रूढ केलेल्या 'सुगम संगीत' या नावातही कमीपणाची छटा नाही. मात्र येथे एक गोष्ट तुमच्या मुलाच्या तक्रारीविरुद्ध जाते, ती सांगितलीच पाहिजे. नकाशावरून थेट प्रवास करण्याची सोय याच मालिकेच्या १९९६ च्या 'डॅगरफॉल'मध्येही होती, कारण त्यातले जग पायी फिरणे कठीण पडावे इतके विस्तीर्ण होते. 'मोरोविंड'ने ती काढून घेतली होती आणि पुढच्या भागाने वेगळ्या रूपात परत दिली. म्हणजे मालिका पायरीपायरीने खालीच उतरत गेली, असे म्हणता येत नाही.

'सुकर'चे उदाहरण पोकेमॉनच्या मालिकेत मिळते. लढाईत मिळणारे अनुभवाचे गुण साऱ्या चमूला वाटून देण्याची सोय २०१३ च्या भागांत इच्छेनुसार बंद ठेवता येत होती. २०१९ च्या भागांत ती कायमची चालू राहिली. प्रत्येक गडी स्वतंत्रपणे तयार करण्याचे कष्ट त्यामुळे वाचले. खेळायला जाण्याची वाट तीच, समजायलाही फरक नाही. करणे तेवढे हलके झाले.

खऱ्या अर्थाने 'सुलभ' म्हणावे असे बदल तर तक्रार करणाऱ्यांच्या बोलण्यात क्वचितच येतात. २०२० च्या 'द लास्ट ऑफ अस'च्या दुसऱ्या भागात, कमी दिसणाऱ्या, कमी ऐकू येणाऱ्या आणि हातांच्या हालचाली मर्यादित असलेल्या खेळाडूंना डोळ्यांसमोर ठेवून साठाहून अधिक सोयी दिलेल्या आहेत. ज्यांना हा खेळ दुर्लभ होता त्यांना तो सुलभ झाला. अपंग व्यक्तींच्या सोयींसाठी आपल्याकडे 'सुगम्य' हा शब्दही रूढ होत आहे आणि तोही येथे शोभेल. 'सुलभीकरण' हा शब्द तुम्ही या बदलासाठी राखून ठेवावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. तो सरसकट वापरला की या लोकांची गोष्ट तक्रारीच्या गठ्ठ्यात जाऊन पडते.

यापुढचा शब्द मला सर्वांत आवडता आहे : 'सुटसुटीत'. 'मोरोविंड'मध्ये पात्राची २७ कौशल्ये होती, 'ऑब्लिव्हियन'मध्ये २१ झाली, 'स्कायरिम'मध्ये १८ उरली. शिवाय बळ, चापल्य, बुद्धी यांसारखे आठ मूलभूत गुणही 'स्कायरिम'मध्ये काढून टाकले गेले. बनवणारा याला 'सुटसुटीत केले' म्हणतो आणि भाचा म्हणतो 'उथळ केले'. दोघेही एकाच कात्रीकडे पाहत आहेत. सुटसुटीत म्हणजे अडचण काढून मोकळे केलेले. जे काढले ते अडगळ होते, असा निवाडा या शब्दात आधीच झालेला असतो. उथळ म्हणजे तळ वर आलेला. जे काढले ती खोली होती, असा निवाडा या शब्दात झालेला असतो. लेखकाने यांपैकी कोणताही शब्द वापरण्याआधी काढलेली वस्तू अडगळ होती की खोली, हे स्वतः पाहावे. माझ्या पाहण्यात तरी कौशल्यांची संख्या घटली याने फारसे बिघडले नाही. त्या आठ गुणांबरोबर मात्र आपले पात्र सुरुवातीलाच इतरांहून वेगळे घडवण्याची गंमत गेली.

तक्रारीसाठी आपल्याकडे शब्दांना तोटा नाही आणि त्यांतले बरेच स्वयंपाकघरातून येतात. पंगतीला अचानक माणसे वाढली की आमटीत पाणी घालतात. तशी आमटी 'पातळ' होते, पण सर्वांना पुरते. 'सपक' ही वेगळी गोष्ट. एखाद्या पाहुण्याला तिखट सोसत नाही म्हणून सगळ्यांच्याच पानात मीठमिरचीवाचून भाजी वाढली तर ती सपक. पोकेमॉनविषयीची तक्रार सपकपणाची आहे, कारण तिखट हवे असणाऱ्याला ते वेगळे घेण्याची सोय ठेवली नाही; 'फायर एम्ब्लेम'विषयी तीच तक्रार मला पटत नाही, कारण तेथे चटणी पानात डाव्या बाजूला वाढलेली आहे.

'बाळबोध' हा शब्द मात्र जपून वापरावा. जो खेळ डोळ्यांना दिसणारी गोष्टही पुन्हा पुन्हा समजावून सांगतो, त्याला बाळबोध म्हणणे योग्यच आहे. पण हा शब्द आपल्याकडे लिपीचे नाव म्हणूनही आला आहे. पेशवे दफ्तरातील कागद मोडीत आहेत, कारण हात न उचलता भराभर लिहिण्यासाठी ती लिपी सोयीची होती. बाळबोध म्हणजे देवनागरी, मुलांनाही वाचता येईल अशी सुटी आणि स्पष्ट. आज मोडी वाचायला मुद्दाम शिकावे लागते आणि आपले सारे छापील वाङ्मय बाळबोधीत आहे.

उरला 'लिंबूटिंबू'. तुमच्या मुलाच्या मित्रांनी फावल्या वेळच्या खेळाडूंना हा शब्द लावला असेल तर मला आश्चर्य वाटणार नाही, कारण दुबळ्या क्रिकेट संघांना वर्तमानपत्रे हाच शब्द लावतात. पण त्याचे मूळ घर मायेचे आहे. आमच्या वाड्याच्या चौकात डबा ऐसपैस रंगला की धाकटी चुलत बहीण हटकून येई. ती दर खेपेला हौदाच्या त्याच कोपऱ्यामागे लपे, फ्रॉकची कड बाहेर दिसत असे, आणि ज्याच्यावर राज्य असेल तो तिकडे पाठ करून जिन्याखाली शोधत राही. ती सापडली तरी तिच्यावर राज्य येत नसे. तिच्यामुळे आमचा खेळ एका रेघेनेही सोपा झाला नव्हता. आमचे नियम आम्हाला होते आणि तिचे तिला.

हीच कल्पना गेममध्ये कधी उद्धटपणे आली आहे आणि कधी सुंदरपणे. १९९२ च्या 'वुल्फेनस्टाइन ३डी'मध्ये सर्वांत सोप्या पातळीचे नाव 'बाबा, मी खेळू का?' अशा अर्थाचे होते आणि ती निवडली की नायकाच्या डोक्यावर बाळाचे टोपडे व तोंडात चोखणी दिसत असे. याच्या उलट २००८ चा 'प्रिन्स ऑफ पर्शिया' पाहा. १९८९ च्या मूळ खेळात साठ मिनिटांत सुटका करावी लागे आणि कितीदा तरी जीव जाई. नव्यात राजपुत्र दरीत पडू लागला की एलिका ही त्याची सोबतीण हात धरून त्याला वर आणते, आणि मरण असे येतच नाही. त्यावरून पुष्कळ नाराजी झाली. तथापि ती राजपुत्राला शेवटच्या पक्क्या जागेवरच आणून सोडते, आणि इतर गेमही मरणानंतर खेळाडूला थोडे मागे नेऊन तेच करतात. येथे 'सोपे केले' यापेक्षा 'राज्य घेणे बंद केले' हे मराठी वर्णन मला अधिक खरे वाटते. उडी चुकली की ती पुन्हा मारावीच लागते.

तेव्हा तुमच्या लेखात 'हौशी' च्या जागी 'फावल्या वेळचे खेळाडू' घालावे, मथळ्यात 'सुलभीकरण' न लिहिता साधे 'सोपे होत जाणे' लिहावे, आणि आत प्रत्येक मालिकेविषयी ती सुगम झाली, सुकर झाली की सपक झाली हे निरनिराळे सांगावे.

'गेम'च्या लिंगाविषयी : खेळ किंवा डाव मनात असेल तर आपण 'तो गेम' म्हणतो, आणि पुण्यातील तरुण मुलांच्या तोंडी 'ती गेम'ही सर्रास ऐकू येते. परक्या शब्दाला लिंग देताना मराठीत असे दुमत नेहमीच होते आणि दोन्ही रूपे जिवंत आहेत. लिखाणात मी पुल्लिंग वापरतो; मुलाच्या तोंडची वाक्ये उद्धृत कराल, तेथे मात्र त्याचे स्त्रीलिंग बदलू नये.