घातांक समान केल्याशिवाय बेरीज का होत नाही?

प्रश्न : माझी मुलगी नववीत शिकते. वैज्ञानिक पद्धतीने लिहिलेल्या संख्यांचा गुणाकार ती बिनचूक करते. पण बेरीज आली की घातांकांचीही बेरीज करून मोकळी होते. ‘घातांक आधी समान करावेत’ हा नियम तिला पाठ आहे, परंतु त्यामागचे कारण मला तिला समजावून सांगता येत नाही.
— एक पालक, फोंडा

उत्तर : कारण न कळता पाठ केलेला नियम परीक्षेत हमखास दगा देतो, म्हणून आपण कारण विचारलेत याचा मला मनापासून आनंद वाटला. (वैज्ञानिक पद्धतीत कोणतीही संख्या ‘दशांशचिन्हाआधी एकच अंक असलेली संख्या × दहाचा घात’ अशी लिहितात. येथे १०^५ म्हणजे दहाचा पाचवा घात, असे वाचावे; त्यातील ५ हा घातांक.)

२०११ च्या जनगणनेनुसार उत्तर गोव्याची लोकसंख्या ८,१८,००८ आणि दक्षिण गोव्याची ६,४०,५३७ होती. म्हणजेच अनुक्रमे ८.१८००८ × १०^५ आणि ६.४०५३७ × १०^५. दोन्हींत १०^५ हा अवयव सामाईक असल्यामुळे तो कंसाबाहेर काढता येतो आणि आतील बेरीज १४.५८५४५ होते. दशांशचिन्हाच्या डावीकडे शून्येतर एकच अंक हवा, म्हणून उत्तर १.४५८५४५ × १०^६ असे लिहावे. मुलीने घातांकांची बेरीज करून १०^१० लिहिले, तर गोव्याची लोकसंख्या १४ हजार कोटींच्या वर जाईल, आणि तेवढी माणसे साऱ्या पृथ्वीवरही नाहीत. तिला हे पडताळून पाहायला अवश्य सांगा.

घातांक वेगळे असतील तेव्हा काय करायचे, हे आपण व्यवहारात शाळेत जाण्याआधीपासून जाणतो. पंचायतीने रस्त्यासाठी ३ कोटी आणि गटारांसाठी ४० लाख रुपये ठेवले, तर एकूण ४३ कोटी झाले असे कोणी म्हणत नाही. ४० लाख म्हणजे ०.४ कोटी, म्हणून एकूण ३.४ कोटी. कोटी म्हणजे १०^७ आणि लाख म्हणजे १०^५. घातांक समान करणे म्हणजे दोन्ही रकमा एकाच मापात आणणे, याहून वेगळे काही नाही. गुणाकारात ही अट नसते, कारण तिथे दहाचे घात एकमेकांना गुणले जातात आणि म्हणूनच घातांकांची बेरीज होते.

आता वजाबाकी पाहू. सूर्य पृथ्वीपासून सरासरी १.४९६ × १०^८ किलोमीटर आणि चंद्र ३.८४ × १०^५ किलोमीटर दूर आहे. अमावास्येला चंद्र सूर्याच्या बाजूला असतो, तेव्हा त्या दोघांमधील अंतर वजाबाकीने मिळते. लहान संख्येचा घातांक ३ ने वाढवायचा, म्हणून दशांशचिन्ह ३ घरे डावीकडे सरकते आणि ती ०.००३८४ × १०^८ होते. येथेच बहुतेक मुले चिन्ह उजवीकडे नेतात. वजाबाकी १.४९२१६ × १०^८ येते. पण पहिल्या संख्येत दशांशचिन्हानंतर तीनच अंक आहेत, म्हणून १.४९२ × १०^८ किलोमीटर एवढेच लिहिणे प्रामाणिकपणाचे ठरेल.

घातांक समान असले, तरी वजाबाकीत एक सूक्ष्म गोष्ट उरते. पृथ्वी जुलैच्या सुरुवातीस सूर्यापासून सर्वांत दूर, सुमारे १.५२१ × १०^८ किलोमीटरवर, तर जानेवारीच्या सुरुवातीस सर्वांत जवळ, सुमारे १.४७१ × १०^८ किलोमीटरवर असते. फरक ०.०५० × १०^८, म्हणजेच ५.० × १०^६ किलोमीटर. मूळ संख्यांत चार सार्थ अंक, म्हणजे अचूकता दाखवणारे भरवशाचे अंक होते, उत्तरात दोनच उरले. जवळजवळ समान संख्यांची वजाबाकी करताना अचूकता अशी झपाट्याने घटते.

ऋण घातांकांनाही हीच रीत लागू पडते. फक्त १०^–४ हे १०^–५ पेक्षा मोठे आहे, याचे भान तिने ठेवावे : ३.२ × १०^–४ मधून ५ × १०^–५ वजा करताना दुसरी संख्या ०.५ × १०^–४ होते आणि उत्तर २.७ × १०^–४ येते.