कॅमेऱ्याकडे वळणारी नजर

प्रश्न : माहितीपटाच्या धाटणीच्या विनोदी मालिकांतील पात्रे मध्येच कॅमेऱ्याकडे का पाहतात?

उत्तर : अशा कलाकृतीत चित्रीकरण करणारा चमू त्या पात्रांच्या जगातच वावरत असतो, आणि आपल्यावर नजर आहे हे ठाऊक असल्यामुळे प्रतिमा सांभाळण्याची त्यांची जी धडपड चालते, तीच विनोदाचे मूळ ठरते. २००१ मध्ये बीबीसीवर आलेल्या ‘द ऑफिस’ या ब्रिटिश मालिकेत पार्श्वभूमीला हशा नव्हता. वरिष्ठाच्या फसलेल्या विनोदानंतरची अवघडलेली शांतता आणि एखाद्या कर्मचाऱ्याचा कॅमेऱ्याकडे टाकलेला असहाय कटाक्ष यांतूनच हसू फुटे. मला ही शांतता कोणत्याही चुरचुरीत संवादाहून अधिक मोलाची वाटते. रॉब रायनर यांच्या १९८४ च्या ‘धिस इज स्पायनल टॅप’ या याच धाटणीच्या विनोदी चित्रपटातील बरेचसे संवाद तर कलाकारांनी उत्स्फूर्तपणे रचलेले होते.