टिफिनचं जुनं झाकण घेऊन ये

पोरी,

परवा ठाणे स्टेशनात वाशी लोकलची वाट बघताना तू विचारलंस, "काका, प्लास्टिकमध्ये करिअर म्हणजे नक्की करायचं काय?" गाडी आली आणि उत्तर राहून गेलं. सेकंड शिफ्ट सुटल्यावर लिहितोय, अक्षराला हसू नकोस.

रबाळे-महापेच्या कारखान्यांत इंजेक्शन मोल्डिंग मशीनवर, म्हणजे वितळलेलं प्लास्टिक साच्यात दाबून वस्तू काढणाऱ्या मशीनवर, ऑपरेटर म्हणून लगेच चिकटता येतं. मशीनचं दार उघडा, पीस काढा, त्याला चिकटलेली जादा प्लास्टिकची दांडी म्हणजे रनर तोडा, दार लावा. मी तीन वर्षं एवढंच केलं. पीसवर चंदेरी रेघा कशाने येतात, तेसुद्धा कुणी सांगितलं नाही. एका रात्री नायलॉनचा दाणा न वाळवताच चालवला आणि अख्ख्या शिफ्टचा माल रिजेक्ट! शिव्या मीच खाल्ल्या. हा दाणा हवेतलं पाणी ओढून घेतो आणि त्यानेच रेघा येतात, पॉलिकार्बोनेट तर १२० अंशांवर तीन-चार तास वाळवावं लागतं, हे पुढे एका मोल्ड सेटरने, म्हणजे मशीनवर साचा बसवणाऱ्याने, चहाच्या टपरीवर समजावलं.

आता हिशेब बघ. साचा एकदा भरून माल बाहेर पडला की एक शॉट, आणि त्याला लागणारा वेळ म्हणजे सायकल. ३० सेकंदांची सायकल धरली तर आठ तासांत ९६० शॉट. सायकलचा मोठा भाग पीस थंड होण्यात जातो. साच्यातल्या पाण्याच्या वाटा क्षाराने तुंबल्या असतील, त्या साफ करून सायकल २७ वर आणलीस तर १०६६. हे वरचे शंभर ज्याच्यामुळे निघतात, त्याला मालक नावाने हाक मारतो.

म्हणून मी तुला साच्याकडेच ढकलणार. आयटीआयत टूल अँड डाय मेकर, म्हणजे साचे बनवायचा कोर्स, दोन वर्षांचा. सिपेट या प्लास्टिकचं शिक्षण देणाऱ्या सरकारी संस्थेत दहावीनंतर तीन वर्षांचे दोन डिप्लोमा, एक प्लास्टिक टेक्नॉलॉजीचा, एक प्लास्टिक मोल्डचा. मी असतो तर दुसरा घेतला असता. पुढे डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाची वाटही आहे. ही संस्था १९६८ साली मद्रासला सुरू झाली. आपल्या राज्यात छत्रपती संभाजीनगरला आणि चंद्रपूरला आहे. म्हणजे घर सोडावं लागेल. आईची समजूत मी काढतो.

अप्रेंटिसशिप घेताना मात्र आधी विचार, कंपनीत टूलरूम, म्हणजे साचे बनवायचा-दुरुस्त करायचा विभाग, आहे का? नसेल तर वर्षभर पॅकिंगच करत बसशील. टूलरूममध्ये मुली फार दिसत नाहीत, हेही खरं. पहिले दोन महिने सगळे बघत राहतील, बघू देत.

शनिवारी घरी ये. येताना टिफिनचं एखादं जुनं झाकण आण. त्याच्या मधोमध बारीक ठिपका असतो बघ, प्लास्टिक तिथूनच साच्यात शिरलेलं असतं. तिथून सुरू करू.

तुझा,
काका