इन्स्ट्रक्टर अजून सोलो सोडत नाहीत, काय करू?

प्रश्न: ताई नमस्कार. मी मायक्रोलाइट म्हणजे छोटं हलकं विमान शिकतोय, स्टिकवालं (हातातल्या दांड्याने चालवायचं), तीन चाकांचं, लॉगबुकात १९ तास झालेत. वर हवेत सगळं जमतं, वळणं, स्टॉल (स्पीड फार पडून पंखांचा आधार सुटतो ते), पण लँडिंगला घोळ होतो, कधी विमान परत वर उचललं जातं, कधी धाडकन आपटतं. माझ्यानंतर आलेला मुलगा ११ तासांत सोलो, म्हणजे एकट्याने विमान घेऊन, गेला. माझं वय ४४, उशीर झालाय का?

उत्तर: उशीर वगैरे काही झालेला नाही, ते आधी डोक्यातून काढा. नियमात लिहिलेले तास हे कमीत कमी असतात, म्हणजे ब्रिटनमध्ये मायक्रोलाइटच्या लायसन्सला किमान २५ तास आणि त्यातले १० एकट्याने असं आहे, दुसरीकडे आकडा वेगळा, पण बऱ्याच जणांना त्याहून जास्त लागतात आणि त्यात कमीपणा काहीच नाही. मला स्वतःला २३व्या तासाला सोलो मिळाला. त्या मुलाचे तास मोजण्यापेक्षा तारखा बघा, लागोपाठच्या असतील. महिन्यातून एकदा येणाऱ्याचा अर्धा वेळ मागचं आठवण्यातच जातो.

आता लँडिंग. असा दोन्हीकडून घोळ होतो ना, कधी वर कधी आपट, तेव्हा मी स्टुडंटच्या हाताकडे नाही, डोळ्यांकडे बघते. जमीन जवळ आली की नजर चाकापुढच्या गवतावर जाते, ते भसाभस मागे पळताना दिसतं, उंचीचा अंदाज जातो आणि हात घाबरून स्टिक ओढतो. फायनलवर, म्हणजे रनवेच्या सरळ रेषेत खाली येताना, उतरायच्या जागेकडे बघा, पण राउंडआउट, म्हणजे जमिनीजवळ नाक हळूच उचलून विमान सपाट करणं, सुरू केला की नजर रनवेच्या पार टोकाला न्या. मग रनवेच्या दोन्ही कडा डोळ्यांच्या कोपऱ्यातून वर येताना जाणवतात, त्यावरून उंची कळते. तिथून पुढे टेकवायची घाई नको, हातभर वर धरून ठेवायचं आणि स्पीड कमी होईल तसतशी स्टिक थोडी थोडी मागे घेत राहायची, विमान दमलं की आपोआप टेकतं. स्टिक दोन बोटं आणि अंगठ्यात धरा, मुठीत आवळली तर काहीच कळत नाही.

दुसरं म्हणजे फायनलचा स्पीड. मायक्रोलाइट हलकं, थ्रॉटल बंद केला की स्पीड पटकन पडतो, त्यामुळे प्रत्येक सर्किटला (उडून, फेरी मारून परत त्याच रनवेवर उतरणं) स्पीड वेगळा असेल तर प्रत्येक लँडिंगही वेगळंच होणार, मग शिकणार काय? वर उचललं गेलंच तर नाक खाली दाबू नका, पुढचं चाक आधी आपटतं. थोडंसं असेल तर तसंच धरा, जास्त असेल तर फुल थ्रॉटल आणि परत एक सर्किट. असं न उतरता परत वर जाणं म्हणजे गो-अराउंड, ते नापास होणं नाही, उलट जो न सांगता स्वतःहून गो-अराउंड घेतो त्यालाच मी सोलो सोडते.

इन्स्ट्रक्टरना सांगा, एक सेशन नुसतं रनवेवरून कमी उंचीवर सरळ उडत जायचं, टेकायचंच नाही, फक्त नजर बसवायची. आणि ते सकाळी लवकर किंवा संध्याकाळी घ्या, दुपारी तापलेल्या जमिनीवरून हवा वर उठत असते, हलकं विमान त्यात हेलकावे खातं आणि चूक तुमची की हवेची तेच समजत नाही.

एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवते, सोलोला शेजारची सीट रिकामी असते, म्हणजे विमान एकदम हलकं, वर चढतं भराभर आणि रनवेवर तरंगतंही जास्त. तेव्हा दचकू नका.

प्रश्न: ताई, मला गॅलरीतून खाली बघितलं तरी गरगरतं. तरी शिकता येईल का?

उत्तर: येईल, नक्की येईल. गॅलरीतून भिंत थेट जमिनीपर्यंत गेलेली दिसते, विमानात तसं खाली जोडलेलं काहीच नसतं, त्यामुळे उंचीला घाबरणारे कितीतरी पायलट वर गेल्यावर अगदी शांत असतात. फक्त पहिली फ्लाइट बंद केबिनच्या विमानात घ्या. फ्लेक्सविंगमध्ये, म्हणजे कापडी पंखाखाली टांगलेल्या मायक्रोलाइटमध्ये, समोर नुसता बार आणि दोन्ही बाजूंना उघडी हवा असते, ते पहिल्याच दिवशी नको. आणि आधी फ्लेक्सविंग शिकून मग स्टिकवर आलात तर हात उलटे पडतात, कारण बार पुढे ढकलला की नाक वर जातं आणि स्टिक पुढे केली की खाली. म्हणून काय उडवायचंय ते ट्रायल फ्लाइटनंतर ठरवा आणि सोलोपर्यंत तेच धरून ठेवा.