शनिवारी रात्रीचं रीडिंग

प्रश्न : नमस्कार काका. मी बर्मिंगहॅमजवळच्या एका फर्दर एज्युकेशन कॉलेजात लेखा विभागात आहे. सोळा वर्षांपुढच्या मुलांना आणि मोठ्यांनाही गवंडीकाम, केशरचना, मोटारदुरुस्ती, स्वयंपाक शिकवणारं हे कॉलेज आहे, आपल्याकडचं आयटीआय आणि ज्युनिअर कॉलेज एका आवारात आणल्यासारखं. शिक्षण खात्याने 2022 च्या धोरणात प्रत्येक संस्थेत पर्यावरणाची जबाबदारी घेणारा एक माणूस आणि एक आराखडा हवा असं सांगितलं. आमच्याकडे ते काम आता माझ्याकडे आलंय. पहिल्या बैठकीत सौर पॅनेल, विजेच्या गाड्या, झाडं असं सगळं एकदम निघालं. मी विज्ञान शिकलेली नाही. सुरुवात कुठून करू?

उत्तर : ताई, तुम्ही लेखा विभागातल्या आहात हे ऐकून मला फार बरं वाटलं. पुण्याहून डिप्लोमा करून मी इकडे आलो आणि अशाच एका कॉलेजात 19 वर्षं बॉयलर आणि मीटर सांभाळले. त्या अनुभवावरून सांगतो, या कामात विज्ञान थोडं आणि वहीखातं जास्त आहे.

सौर पॅनेल राहू द्या. आधी गेल्या दोन वर्षांची गॅसची आणि विजेची बिलं काढा आणि प्रत्येक महिन्याचे युनिट, म्हणजे किलोवॅट-तास, लिहा. पाउंड नकोत, कारण दर बदलतात आणि पैशांवरून वापर कळत नाही. मग प्रत्येक युनिटला ब्रिटिश सरकारच्या तक्त्यातल्या आकड्याने गुणा, म्हणजे हवेत किती किलो कार्बन डायऑक्साइड गेला ते कळतं. हा तक्ता दर उन्हाळ्यात नवा येतो. 2024 च्या तक्त्यात गॅसच्या एका युनिटमागे साधारण 0.183 किलो आणि विजेच्या एका युनिटमागे 0.207 किलो धरलेत. तुमचं वर्ष 1 ऑगस्ट ते 31 जुलै, तक्ता मात्र कॅलेंडर वर्षाचा. कुठल्या वर्षाला कुठला तक्ता लावायचा ते एकदा ठरवा, वहीच्या पहिल्या पानावर लिहा आणि मग बदलू नका.

बिलात रीडिंग अंदाजे आहे की खरं घेतलेलं, ते तपासा. दुसरी चूक याहून महाग पडते. गॅसचं मीटर घनमीटर मोजतं, बिल मात्र युनिटमध्ये येतं, आणि एक घनमीटर म्हणजे सुमारे 11 युनिट. आमच्याकडे एके वर्षी मीटरवरचे घनमीटरच युनिटच्या रकान्यात भरले गेले. अहवालात उत्सर्जन धाडकन खाली आलं आणि संचालक मंडळाने अभिनंदनाचा ठराव केला. पुढच्या वर्षी मला त्याच मंडळासमोर उभं राहून ते खोटं होतं असं सांगावं लागलं. ती संध्याकाळ मी विसरलेलो नाही.

आता माझा खरा सल्ला. तुमच्या मोठ्या वीजमीटरची नोंद दर अर्ध्या तासाला होते, म्हणजे दिवसाला 48 आकडे. वीज कंपनीकडे ती फाइल मागा, देतात. त्यात फक्त शनिवारी रात्री दोनचा आकडा पाहा आणि मंगळवारी दुपारी बाराच्या आकड्याशेजारी ठेवा. कॉलेजला कुलूप आहे, आत चिटपाखरू नाही, तरीही वीज चाललीय. कोण वापरतंय?

आम्ही हे शोधायला जानेवारीतल्या एका रात्री आत गेलो, मी आणि आमचे केअरटेकर, हातात टॉर्च. वेल्डिंगच्या वर्कशॉपमधला धूर ओढणारा मोठा पंखा चालू होता. क्रीडागृहाची हवा खेळवणारी यंत्रणा चालू होती. सलूनच्या विभागात गरम पाणी पाइपांमधून फिरत होतं. सर्वांत जास्त वाईट वाटलं ते एका मजल्यावरचे, खोल्या गरम करणारे रेडिएटर तापलेले पाहून. तिथे पूर्वी संध्याकाळचा वर्ग भरायचा. तो बंद होऊन किती वर्षं झाली ते केअरटेकरनाही आठवेना, पण बॉयलरच्या घड्याळात तो वर्ग अजून भरत होता. हे सगळं बंद करायला एक पाउंडही लागला नाही. म्हणून म्हणतो, केअरटेकरना पहिल्या बैठकीला बोलवा. प्लांट रूमची त्यांना जेवढी माहिती असते, तेवढी कुठल्याच सल्लागाराला नसते.

शिक्षकांशी बोलताना मात्र तक्रारीचा सूर नको. आमच्या स्वयंपाक विभागात सकाळी नऊला सगळे बर्नर पेटत आणि प्रत्यक्ष रांधणं साडेदहाला सुरू होई. मी शेफसरांना एवढंच विचारलं, "मुलं उद्या हॉटेलात कामाला लागली की मालक हे चालवून घेईल का?" दुसऱ्या दिवसापासून बर्नर वेळेवर पेटायला लागले, आणि गॅसचा हिशेब त्यांच्या धड्यातच आला.

एका मोहापासून स्वतःला जपा. 2013 च्या तक्त्यात विजेच्या एका युनिटमागे सुमारे 0.445 किलो होते, 2023 च्या तक्त्यात 0.207. कोळसा गेला, वारा आला. रॅटक्लिफ-ऑन-सोर हे इथलं शेवटचं कोळशाचं वीजकेंद्र 30 सप्टेंबर 2024 ला बंद झालं. म्हणजे एखाद्या कॉलेजने या दहा वर्षांत एक दिवासुद्धा बदलला नसेल, तरी त्याचं विजेचं उत्सर्जन कागदावर निम्म्याहून कमी झालेलं दिसेल. ते श्रेय कॉलेजचं नाही. तुमच्या अहवालात किलोच्या रकान्याशेजारी युनिटचा रकाना कायम ठेवा. कुणी काढायला सांगितला तरी काढू नका.

गॅसची गोष्ट उलटी आहे. बॉयलरमध्ये जाळलेला गॅस 2013 लाही तेवढाच धूर देत होता आणि आजही देतो. तुमची मोठी लढाई तिथेच आहे. हीट पंप, म्हणजे बाहेरची उष्णता विजेवर आत ओढून आणणारं यंत्र, आज ना उद्या लागेल, पण तो कमी तापमानाच्या पाण्यावर चांगला चालतो. त्याआधी एका हिवाळ्यात आहे त्याच बॉयलरचं पाणी 55 अंशांपर्यंत खाली आणून पाहा. रेडिएटरच्याच पाण्याचं, नळाच्या गरम पाण्याचं नाही; ते जंतूंच्या धोक्यामुळे 60 अंशांवर साठवावंच लागतं. ज्या खोल्या गार पडतील त्यांची यादी करा. खिडक्या, छत, मोठे रेडिएटर यांवरचा खर्च त्या यादीतल्या खोल्यांवर करा, सगळ्या इमारतीवर नको.

एसी दुरुस्त करणाऱ्यांच्या नोंदवहीत गॅस किती भरला तेही पाहा. आर-410ए हा एसीतला वायू एक किलो गळला, तर तो सुमारे दोन हजार किलो कार्बन डायऑक्साइडइतका धरतात. मुलांचं येणं-जाणं, खरेदी, कचरा हे दुसऱ्या वर्षी घ्या. त्यासाठी ईएयूसी या संस्थेने कॉलेजांना आणि विद्यापीठांना एकच चौकट आखून दिली आहे, तीच वापरा.

प्रश्न : मी नाशिकच्या बाजूला एका आयटीआयमध्ये निदेशक आहे. आमच्याकडे बॉयलरही नाही आणि हीटरही नाही. मग आम्ही काय मोजायचं?

उत्तर : सर, तुमचं एक युनिट ताईंच्या युनिटपेक्षा तिपटीहून जड आहे. भारतातली वीज अजून मुख्यतः कोळशाची, त्यामुळे युनिटमागे सुमारे 0.7 किलो धरावे लागतात. त्यात जनरेटरचं डिझेल मिळवा, लिटरला साधारण 2.7 किलो. एवढ्या दोन रकान्यांत तुमचा बहुतेक हिशेब बसेल. छतावरचं सौर तुमच्याकडे इंग्लंडपेक्षा कितीतरी जास्त कामाचं आहे, कारण लेथ आणि वेल्डिंग मशीन ऊन असतानाच चालतात.

तोवर उद्याच एक करा. जेवणाच्या सुट्टीत सगळी हत्यारं बंद ठेवून फक्त एअर कॉम्प्रेसर चालू ठेवा, आणि तो किती मिनिटांनी पुन्हा भरायला लागतो ते मुलांना घड्याळ लावून लिहायला सांगा. हवा कुणी वापरत नसताना तो भरत असेल, तर कुठेतरी गळतंय. साबणाचं पाणी आणि ब्रश घेऊन मुलांना प्रत्येक सांध्यावर फिरवा. बुडबुडे दिसले की त्यांच्याकडूनच तो सांधा आवळून घ्या आणि पुन्हा घड्याळ लावा. आवळण्याआधीची आणि नंतरची मिनिटं मला कळवा.