राजीनाम्यात खरं कारण लिही

प्रिय,

अनेक आशीर्वाद. "मॅडम, मला डॉक्टरकी झेपत नाही, राजीनामा द्यावा म्हणते," असं तू लिहिलंस. बाळंतपणाच्या रजेवरून परतलेल्या कितीतरी हुशार डॉक्टर मुलींकडून मी हेच ऐकलंय, आणि दर वेळी वाईट वाटतं, कारण ते खरं नसतं.

अमेरिकेत वृद्ध रुग्णांच्या नोंदी तपासून २०१७ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. स्त्री डॉक्टरांच्या रुग्णांचा तीस दिवसांतला मृत्युदर ११.०७ टक्के होता, पुरुष डॉक्टरांच्या रुग्णांचा ११.४९. फरक लहान आहे, पण तुझ्या शंकेला पुरेसं उत्तर आहे. काम आपल्याला येतं.

मग बायका सोडून का जातात? तिथल्याच २०१९ च्या अभ्यासात प्रशिक्षण संपल्यावर सहा वर्षांनी २२.६ टक्के स्त्रिया पूर्णवेळ काम करत नव्हत्या. पुरुषांत हे प्रमाण ३.६ होतं. मुलं असलेल्यांत ही दरी आणखी रुंद. मूल तर दोघांनाही झालेलं असतं! ज्याचं घर दुसरं कुणीतरी सांभाळतंय अशा माणसासाठी आपलं ड्यूटीचं रोस्टर आखलेलं आहे. तू गरोदर राहिलीस की तुझ्या नाइट्स बॅचमेट्सच्या गळ्यात पडतात, कारण जास्तीचा माणूस कुणी नेमलेलाच नसतो. त्यांची चिडचिड निघते तुझ्यावर, आणि तू ती गुन्हेगारासारखी ऐकून घेतेस. परतल्यावर दूध काढायला खोली नाही, मोठ्या केसेस आपोआप दुसऱ्याकडे वळलेल्या. एका दिवसात कुणी डॉक्टरकी सोडत नाही. आधी नाइट्स सुटतात, मग शस्त्रक्रिया, मग आत्मविश्वास.

टोकियोच्या एका वैद्यकीय विद्यापीठाने मुलींची संख्या कमी राहावी म्हणून प्रवेश परीक्षेचे गुण बदलल्याचं २०१८ मध्ये उघड झालं. मुली पुढे लग्न-बाळंतपणात काम सोडतात, हे त्यामागचं कारण. आपण गप्प राहून निघून गेलो की त्याचा अर्थ असा लावला जातो, याचा मला फार संताप येतो.

तेव्हा नाइट करून आल्यावर काहीही ठरवू नकोस. काही महिने कमी ड्यूटी हवी असं लेखी माग. तोंडी मागणी विसरली जाते. घरातही वाटणी स्पष्ट बोलून ठरव, 'मदत' मागू नकोस. थांबलीस तरी रजिस्ट्रेशनची मुदत संपू देऊ नकोस आणि आठवड्यातून एखादी ओपीडी ठेव. हात सुटला की परतणं फार अवघड होतं.

आणि एवढं करूनही जायचंच ठरलं, तर जा, मी तुला अडवणार नाही. फक्त राजीनाम्यात 'वैयक्तिक कारणास्तव' लिहू नकोस. सलग किती तास ड्यूटी लागली, काय मागितलं, काय नाकारलं, ते तारखांसकट लिही. तुझ्या जागी येणाऱ्या मुलीला त्याचा आधार होईल. मसुदा आधी मला दाखव, आपण दोघी बसून नीट करू.

तुझी,
मॅडम