कोपनहेगनमध्ये सायकलीने कामाला जायचे असेल, तर घर कोठे घ्यावे

सस्नेह नमस्कार.

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे : ऑक्टोबरमध्ये तुम्ही सहकुटुंब कोपनहेगनला येत आहात. तुमचे कार्यालय शहराच्या वायव्येस, बालेरुपच्या लाउट्रुप भागात आहे आणि वहिनींचे दक्षिणेस, आमागर बेटावरील ओरेस्टाडमध्ये. मुलगी चार वर्षांची आहे. मोटार घ्यायची नाही, दोघांनीही सायकलीनेच कामाला जायचे, हे तुमचे ठरले आहे. शहराच्या मध्याला लागून असलेल्या नोरेब्रोमधील एक घर तुमच्या मनात भरले आहे आणि ते न जमल्यास थेट बालेरुपमध्येच राहावे, असा तुमचा विचार दिसतो. माझे मत आधीच सांगते. या दोन्हींपेक्षा शहराच्या पश्चिम कडेच्या वानलोसे आणि फ्लिंटहोल्म या भागात घर शोधावे, तेथे न मिळाल्यास त्यांच्या दक्षिणेच्या वाल्बीकडे वळावे. त्याची कारणे सविस्तर लिहिते, म्हणजे तुम्ही निवडलेले घर याहून वेगळे असले, तरी ते याच कसोट्यांवर पारखून पाहता येईल.

या शहराची बांधणी कळली की निम्मा प्रश्न सुटतो. १९४७ साली तयार झालेल्या आराखड्यानुसार कोपनहेगनची वाढ हाताच्या पाच बोटांसारखी, उपनगरी रेल्वेच्या मार्गांना धरून होत गेली. जुने दाट शहर हा तळहात, रेल्वेमार्गांवरची उपनगरे ही बोटे आणि दोन बोटांच्या मधल्या जागेत शेते, वने व मोकळी जमीन. त्यामुळे तळहाताकडून बोटाच्या टोकाकडे किंवा उलट दिशेने जाणे सोपे असते, परंतु एका बोटावरून दुसऱ्या बोटावर जायचे म्हटले की रस्ता लांबतो. बालेरुप हे वायव्येकडील बोटावर येते. ओरेस्टाड मूळ आराखड्यात नव्हते, ते पुढे आमागरवर मेट्रोच्या आधाराने उभे राहिले. म्हणजे तुमच्या दोघांच्या वाटा तळहातावरच एकमेकींना भेटतात आणि घर तेथेच, पण तळहाताच्या पश्चिम कडेला असावे, असे भूगोलच सांगतो. बालेरुपमध्ये राहिलात, तर तुमचा प्रवास काही मिनिटांचा होईल. वहिनींना मात्र रोज एका बाजूने वीस किलोमीटरच्या आसपास सायकल चालवावी लागेल, आणि असा बेत हिवाळ्यात टिकत नाही.

आता नोरेब्रोविषयी. तेथील सायकलींची गर्दी पाहून कोणीही भारावून जाईल. ड्रोनिंग लुईसेस ब्रो या पुलावरून दिवसाला चाळीस हजारांहून अधिक सायकली जातात, आणि नोरेब्रोगेड या रस्त्यावरील सिग्नल ताशी वीस किलोमीटर वेगाने जाणाऱ्या सायकलस्वाराला ओळीने हिरवे मिळतील, असे जुळवलेले आहेत. पण ही सोय सकाळी शहराच्या मध्याकडे येणाऱ्यांसाठी आणि संध्याकाळी बाहेर जाणाऱ्यांसाठी आहे. तुम्ही नेमके उलट जाणार आहात. सकाळी बाहेर जाताना तुम्हाला रस्ता मोकळा मिळेल हे खरे, सिग्नलची साथ मात्र मिळणार नाही. त्यातच नोरेब्रोहून बालेरुपकडे जाणारा सरळ रस्ता म्हणजे फ्रेडरिक्ससुंड्सवाय. तो बसगाड्यांचा रस्ता आहे. जेथे बसमधून उतरणारे प्रवासी थेट सायकलमार्गावर पाय ठेवतात, तेथे सायकलस्वाराने थांबून त्यांना वाट द्यायची, असा नियम आहे, आणि तो योग्यच आहे. पण थांब्यामागून थांबा आला की वेळेचे गणित बिघडते. नोरेब्रो वाईट नाही. मध्यवर्ती भागात काम असणाऱ्याला मी ते आनंदाने सुचवीन.

घर निवडताना आपण स्वच्छ उन्हातला, वारा नसलेला दिवस डोळ्यांपुढे आणतो. माझा आग्रह असा की नोव्हेंबरमधल्या पावसाच्या, मुलगी तापाने फणफणलेली असतानाच्या किंवा चाक पंक्चर झालेल्या दिवसाचा विचार करून घर निवडावे. ज्या दिवशी सायकल चालवणे शक्य नसते, त्या दिवशी दोघांनाही गाडी न बदलता कामावर पोहोचता आले, तर उरलेल्या सर्व दिवशी सायकल चालवण्याचा उत्साह टिकतो. नाहीतर पहिल्याच हिवाळ्यात मोटारीच्या जाहिराती पाहणे सुरू होते. वानलोसेचे महत्त्व येथेच आहे. तेथून बालेरुपच्या दिशेची उपनगरी गाडी पकडली की तुमच्या कार्यालयाजवळचे माल्मपार्कन स्थानक फार लांब नाही. आणि त्याच वानलोसे स्थानकातून मेट्रोचा एम१ हा मार्ग सुरू होऊन, शहराच्या मध्यातून, ओरेस्टाडपर्यंत जातो. फ्लिंटहोल्मलाही हे दोन्ही मार्ग मिळतात, शिवाय शहराला वळसा घालणारी उपनगरी गाडीही तेथे थांबते. सायकलीने पाहिले, तर वानलोसेहून लाउट्रुप आणि ओरेस्टाड ही दोन्ही ठिकाणे सुमारे दहा किलोमीटरवर आहेत. हे अंतर साध्या सायकलीने पस्तीस ते पंचेचाळीस मिनिटांचे आहे. विजेवर चालणाऱ्या सायकलीने ते आणखी कमी होते आणि मुख्य म्हणजे घाम न येता पार पडते.

उपनगरी गाडी आणि मेट्रो यांच्या सायकलविषयक नियमांत मोठा फरक आहे, तो आधीच लक्षात घ्यावा. उपनगरी गाड्यांमध्ये, म्हणजे एस-टोगमध्ये, २०१० पासून सायकल विनामूल्य नेता येते आणि त्यासाठी डब्यात जागाही राखलेली असते. फक्त नोरेपोर्ट स्थानकावर गर्दीच्या वेळी सायकल घेऊन चढता-उतरता येत नाही. मेट्रोमध्ये मात्र सायकलीचे वेगळे तिकीट लागते, आणि उन्हाळ्याचे महिने सोडले, तर कामाच्या दिवशी सकाळ-संध्याकाळच्या गर्दीत सायकल नेताच येत नाही. म्हणजे तुम्ही सकाळी सायकलीने जाऊन संध्याकाळी पावसात गाडीने सायकलीसह परत येऊ शकता. वहिनींना ही मुभा नाही. ओरेस्टाडला सायकल ठेवून मेट्रोने परतायचे आणि दुसऱ्या दिवशी मेट्रोनेच जायचे, असे त्यांना करावे लागेल. घडीची सायकल घेतल्यास ही अडचण राहत नाही, कारण घडी घातलेली सायकल सामान म्हणून नेता येते. एकाच घरात दोघांना वेगवेगळ्या जातीच्या सायकली लागाव्यात, हे येथे मुळीच विचित्र मानले जात नाही.

वहिनींच्या वाटेत आणखी एक गोष्ट येते, ती म्हणजे बंदराचे पाणी. आमागरवर जाण्यासाठी ते कोठेतरी ओलांडावेच लागते, आणि त्यामुळे नकाशावरील सरळ रेषेतले अंतर येथे फसवे ठरते. पश्चिमेकडून येणाऱ्यांसाठी २००६ साली झालेला ब्रुगेब्रोएन हा केवळ सायकली व पादचारी यांचा पूल सर्वांत सोयीचा आहे. २०१४ मध्ये त्याला जोडून सिकेलस्लांगेन हा नागमोडी उन्नत मार्ग झाला आणि पूर्वी जिन्यावरून सायकल उतरवावी लागत असे, तो त्रास संपला. वाल्बीत घर मिळाले, तर दक्षिणेकडचा सेलंड्सब्रोएन हा पूल जवळ पडतो आणि ओरेस्टाड सात किलोमीटरच्या आसपास येते. तुमचे अंतर मात्र तेरा-चौदा किलोमीटरपर्यंत वाढते. वाल्बी स्थानकावरूनही बालेरुपची गाडी आहे, पण एम१ मेट्रो तेथे नाही. दोघांपैकी कोणाला अधिक सायकल चालवणे मानवते, यावर वानलोसे की वाल्बी हे ठरवावे. जाता जाता सांगते : कामावर जाण्या-येण्याचे रोजचे एकूण अंतर चोवीस किलोमीटरपेक्षा अधिक असेल, तर वरच्या किलोमीटरांसाठी प्राप्तिकरात वजावट मिळते, आणि ती मोटारीने जाणाऱ्याला मिळते तशीच सायकलीने जाणाऱ्यालाही मिळते. रक्कम मोठी होणार नाही, पण ती मागायला विसरू नये.

मुलीचा विचार आता करते, खरे म्हणजे तो आधी करायला हवा. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना सांभाळण्याची जागा देण्याची हमी नगरपालिका देते, पण ती जागा घराच्या शेजारीच मिळेल, अशी हमी नसते. म्हणून तुमचा प्रवास घर ते कार्यालय असा सरळ नसून घर, बालवाडी आणि कार्यालय असा तिकोनी असणार आहे, आणि बालवाडी कामाच्या विरुद्ध दिशेला मिळाली, तर रोजची वीस मिनिटे सहज वाढतात. येथे एक बारकावा आहे. वानलोसेला लागून असलेले फ्रेडरिक्सबर्ग चहूबाजूंनी कोपनहेगनने वेढलेले असले, तरी ती स्वतंत्र नगरपालिका आहे. रस्त्याच्या एका बाजूचे घर एका नगरपालिकेत आणि समोरचे दुसरीत, असेही होते, आणि बालवाडीची प्रतीक्षायादी त्यानुसार बदलते. घराचा पत्ता हाती आला की तो कोणत्या नगरपालिकेत येतो, हे पाहूनच पुढे जावे. मुलीला पुढच्या खोक्यात बसवून नेण्याची तीनचाकी सायकल तुम्ही घ्यालच. सहा वर्षांखालील मुलाने रस्त्यावर स्वतः सायकल चालवायची असेल, तर सोबत किमान पंधरा वर्षांची व्यक्ती असावी लागते.

ही तीनचाकी ठेवायची कोठे, हा प्रश्न घर पाहतानाच विचारावा, कारण जुन्या इमारतींमध्ये तो सर्वांत कठीण ठरतो. मधल्या चौकात छपराखाली जागा आहे का, चौकात शिरण्याच्या दारातून ती रुंद सायकल आत जाते का, तळघरात ठेवायची असल्यास पायऱ्यांच्या कडेला चाकासाठी पन्हळ आहे का, आणि विजेच्या सायकलीची बॅटरी काढून घरात आणायची, तर घर लिफ्ट नसलेल्या चौथ्या मजल्यावर तर नाही ना, हे सर्व स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे. छायाचित्रांत स्वयंपाकघर सुंदर दिसते, तळघराचा जिना कोणी दाखवत नाही. सायकली चोरीला जातात, हेही स्पष्ट सांगायला हवे. घरसामानाच्या विम्यातून भरपाई मिळते, परंतु त्यासाठी विमा कंपन्यांनी मान्य केलेले कुलूप, खरेदीची पावती आणि सांगाड्यावरचा क्रमांक हे तिन्ही जपून ठेवावे लागते.

चढउतार या शहरात जवळजवळ नाहीत. त्यांची उणीव वारा भरून काढतो. तो बहुतेक वेळा पश्चिमेकडून किंवा नैर्ऋत्येकडून येतो. वानलोसेहून बालेरुपला जाताना सकाळी तो बऱ्याचदा तुमच्या तोंडावर असेल आणि संध्याकाळी पाठीशी. मला ही विभागणी आवडते, कारण थकल्यावर वाऱ्याशी झुंजण्यापेक्षा ताज्या अंगाने झुंजणे परवडते. ओरेस्टाड उघड्यावर आहे आणि उंच इमारतींमधून वारा तेथे अधिकच जोराने घुसतो. डिसेंबरमध्ये सूर्य साडेआठच्या सुमारास उगवतो आणि दुपारी पावणेचारच्या सुमारास मावळतो, म्हणजे जाणे-येणे दोन्ही अंधारात होते. म्हणून वाट निवडताना ती किती हिरवी आहे यापेक्षा ती किती उजेडात आहे, हे पाहावे. उद्यानांतून आणि जुन्या रेल्वेमार्गाच्या जागेवरून जाणारी हिरवी वाट उन्हाळ्यात अतिशय सुखद असते. हिवाळ्यात मात्र मी मोठ्या रस्त्याच्या कडेचा सायकलमार्गच घेते, कारण बर्फ पडल्यावर मुख्य सायकलमार्ग आधी साफ होतात आणि त्यांवर मीठही आधी टाकले जाते.

रस्त्यावरच्या नियमांचा घर निवडण्याशी थेट संबंध नाही, तरी एकच सांगते : डावीकडे वळताना चौकाच्या मध्यात जाऊन वळायचे नसते. सरळ चौक ओलांडून पलीकडच्या कोपऱ्यावर थांबायचे आणि तेथून, सिग्नल पाहून, डावीकडे निघायचे. अशा प्रत्येक वळणाला दोन सिग्नल लागू शकतात. तेव्हा डावी वळणे कमी असलेली वाट किलोमीटरभर लांब असली, तरी अनेकदा तीच लवकर पोहोचवते.

भाड्याच्या व्यवहारात घरमालक तीन महिन्यांपर्यंत अनामत आणि शिवाय तीन महिन्यांपर्यंत आगाऊ भाडे मागू शकतो. त्या रकमेची तयारी ठेवून या. त्या पत्त्यावर नोंदणी करता येईल का, हे करार करण्यापूर्वी लेखी विचारावे, कारण नोंदणीशिवाय नागरिक क्रमांक मिळत नाही आणि त्या क्रमांकाशिवाय बँक, डॉक्टर व बालवाडी ही सर्व कामे अडतात. नोंदणी करू नका असे सांगणारा मालक घर कितीही स्वस्त देत असला, तरी तेथून परत फिरावे.

वानलोसेत घर मिळायला वेळ लागेल, असे धरून चाला. सुरुवातीचे काही महिने त्याच रेल्वेमार्गावर हुसुम किंवा हेरलेव येथे, नोंदणी होईल अशा घरात काढले, तरी चालेल. तेथून तुमचे कार्यालय जवळ पडते आणि वहिनींना वानलोसेपर्यंत गाडीने येऊन मेट्रो पकडता येते. हुसुम कोपनहेगन नगरपालिकेतच येते, त्यामुळे पुढे वानलोसेला घर बदलले, तरी मुलीच्या बालवाडीसाठी नगरपालिका बदलावी लागत नाही. हेरलेव स्वतंत्र नगरपालिका आहे, तेथे हा लाभ नाही. कायमच्या घराचा करार करण्याआधी कामाच्या दिवशी सकाळी आठला दोन्ही वाटा सायकलीने जाऊन पाहाव्यात आणि संध्याकाळी पाचला अंधारात परत यावे. रविवारी दुपारी पाहिलेली वाट वेगळी असते.